गाता येणार नाही इतक्या वेगाने

तीर्थस्वरूप आक्कास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (आठही अंगं आता खरोखरच जमिनीला टेकतात, उठायला मात्र अजून खुर्ची लागते.) भाऊजींच्या गुडघ्याची सूज आणि तुझा राग, दोन्ही ओसरले असतील अशी आशा करते. परवा फोनवर "व्हायचं ते होणारच, चालून का टळणार आहे? आणि ती तपासणी-बिपासणी माझ्याच्यानं व्हायची नाही," असं म्हणून तू फोन आपटलास. तुझ्यासमोर मला एकही वाक्य पुरं करता आलेलं नाही, याला आता पन्नास वर्षं होत आली. म्हणून हे पत्र. याला मध्येच तोडता येत नाही.

तुला आठवतंच, आईला साठीत स्तनाचा कर्करोग झाला, तिनं तो परतवला आणि पुढची वीस वर्षं आपल्या दोघींना धारेवर धरलं. तेव्हा हा वारसा तुला आणि मला समसमान आहे; थोरलीचा वाटा म्हणून तू जास्त मागू नयेस. माझ्या डॉक्टरीणबाई (वय आपल्या लेकींचं, आवाज थेट आईचा) यांनी मला विचारलं, "दिवसभर काय करता?" म्हटलं, शब्दकोशाच्या कार्यालयात नोंदी तपासते. "बसून?" म्हटलं, कोश उभ्यानं होत नाही. तेही त्यांनी टिपून घेतलं. मग म्हणाल्या, नियमित व्यायामानं बायकांमधला हा धोका कमी होतो, पाळी गेल्यावर सुरू केला तरी होतो. शून्य होत नाही, म्हणून तपासणी चुकवायची नाही. पण जेवढं आपल्या हातात आहे तेवढं पायांनी करायचं. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, भरभर चालायचं.

आता तेवीस वर्षं व्याख्या लिहिणाऱ्या बाईला "भरभर" एवढ्यावर कसं वाटेला लावता येईल? मी व्याख्या मागितली. त्यांनी सुस्कारा सोडून दिली: "बोलता येईल, पण गाता येणार नाही, इतकं."

व्याख्या सुंदर आहे, पण मला बसूनही गाता येत नाही. (लहानपणी मी सूर लावला की तूच माझ्या तोंडावर उशी दाबायचीस.) म्हणजे अर्धी अट घरातून निघण्यापूर्वीच पुरी. राहिलं बोलणं. बागेत एकट्यानं बोलायचं तरी काय? शेवटी शाळेत घोकलेली शब्दरूपं काढली. देवः, देवौ, देवाः, खणखणीत आवाजात, पायांच्या तालावर. पहिल्या दिवशी तृतीयेतच प्राण कंठाशी आले आणि मी बाकावर कोसळले. तिथल्या माळ्यानं न विचारता झारीतलं पाणी पुढं केलं. आठवड्यानं पंचमी गाठली. महिन्यानं संबोधनासकट सगळा देव एका दमात बागेच्या फाटकापर्यंत पोचवला, तेव्हा कोणाला सांगू आणि कोणाला नको असं झालं. (सांगायला तूच होतीस, पण तुझा फोन लागत नव्हता.)

पुढचं मात्र हाताबाहेर गेलं. समोरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई एक दिवस माझ्याशेजारी चालू लागल्या. "बाई, हा तुमच्या आईला झालेल्या त्या आजारावरचा मंत्र ना?" मी म्हटलं, "छे हो, दम मोजतेय." त्या म्हणाल्या, "सांगायचा नसेल तर नका सांगू, पण मला पाठ होत आलाय." चार दिवसांनी बागेत जाऊन बघते तर सहा बायका बाकांवर मांड्या घालून, डोळे मिटून देवाची विभक्ती चालवतायत आणि एकही पाऊल हलत नाहीये! मी घसा कोरडा पडेपर्यंत समजावलं, अहो, गुण शब्दात नाही, चालण्यात आहे. कोणी ऐकेना. शेवटी मी आयुष्यातली पहिली शास्त्रबाह्य गोष्ट केली. गंभीर चेहरा करून सांगितलं, "हा फक्त चालतानाच फळतो." सगळ्या ताडकन उठल्या. आता रोज सकाळी सात जणींची फौज बाग दणाणून सोडते. शिवणवाल्या बाई म्हणतात, "मशीनवर बसून कंबरेचं लाकूड झालं होतं, पालवी फुटली हो." थापेचं प्रायश्चित्त म्हणून मी एकेकीला तपासणीला पाठवते आहे. चौघी जाऊन आल्या.

मी मजेत आहे, काळजीचं काही नाही. भाऊजींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता.क. "काळजीचं काही नाही" हे मंगळवारपासून खरं आहे. त्याआधीच्या आठवड्यात माझ्या तपासणीत डाव्या बाजूला काहीतरी दिसलं, म्हणून परत बोलावून सुई घालून पाहिलं. चार दिवस वाट पाहायला लावली आणि मग कळलं, साधी गाठ, निरुपद्रवी. याही चार दिवसांत तुझा फोन लागत नव्हता. परवा तुझ्याशी बोलताना हेच सांगायचं होतं. तू आधी आपटलास.

ता.क. २ आक्का, तू गेली सहा वर्षं तपासणीला गेलेली नाहीस, ते आळसानं नाही, भीतीनं, हे मला ठाऊक आहे. मलाही वाटली. तिथल्या अर्जावर "सोबत कोण" असा एक रकाना आहे. मी तो कोरा सोडला आणि आत जाईपर्यंत त्याच्याकडेच बघत बसले. बुधवारी अकराची वेळ तुझ्या नावानं घेतली आहे. तुझा अर्ज मीच भरला. वय दोन वर्षांनी कमी लिहिलंय, ते तू तिथं दुरुस्त कर. सोबतीच्या रकान्याला मात्र हात लावू नकोस. दहाला तुझ्या दाराशी येते. चपला नकोत, बूट घाल.