आता डोळे उघड

प्रिय भित्र्या,

तुझी मुलगी आज आपली सिनेमाची वही न्यायला आली, म्हणून लिहायला बसले. तुला जाऊन महिना झाला. हे पत्र धाडायचं कुठे, ते मला ठाऊक नाही.

भुताचे सिनेमे पाहायचा हट्ट तुझा आणि डोळे मिटून बसणाराही तूच. मी "आता उघड" म्हटलं की उघडायचास. घरी येऊन तू वहीत मत लिहायचास, खाली मी शेरा मारायची. जुन्या सिनेमात नुसतं दार करकरलं तरी पुरायचं. नव्यांत पहिल्या मिनिटापासून खाटीकखाना, भीतीला जागाच नाही. हे माझं मत अजून कायम आहे.

पण त्यावरून "एवढा घोडा झालास, एकटा जा" असं म्हणायला नको होतं. तू एकटाच सिनेमाला गेलास. मग वही पाठवलीस, ती मी रागाने तशीच कपाटात टाकली. आज देण्याआधी पहिल्यांदा उघडली. शेवटच्या पानावर तू लिहिलंयस: "सिनेमा चांगला असावा. ताई नव्हती, त्यामुळे डोळे कधी उघडायचे ते कळलं नाही. पुढच्या शुक्रवारी येशील का?"

"आत्या, शेवटचं पान फाटलंय गं," मुलगी म्हणाली.

"जुनी वही आहे, फाटायचीच," मी म्हटलं.

तुझी,
ताई

दिली: वही एक, तुझी मतं आणि माझे शेरे यांसह.
ठेवून घेतलं: शेवटचं पान. त्यावर माझा शेरा राहिला आहे.