जनरलचे वाटाडे

माहूज, बहरीन
ऑक्टोबर १९८६

प्रिय व्हिक्टर,

तुला मराठी वाचता येत नाही, म्हणूनच मराठीत लिहितोय. इंग्रजी शाळेचा हट्ट माझाच होता.

अमेरिकन आर्मीत भरती झाल्यावर तू मला तुमच्या त्या जुन्या जनरलचं पुस्तक पाठवलंस. डिक्शनरी घेऊन वाचलं. शंभर वर्षांपूर्वी डोंगरातल्या रेड इंडियन टोळ्या त्याला सापडेनात, तेव्हा त्याने त्याच टोळ्यांतली माणसं पगारावर वाटाडे म्हणून ठेवली. त्यांनी आपल्याच भाऊबंदांचा माग काढून दिला. लढाई संपल्यावर सरकारने कैद्यांना आगगाडीत भरून मुलखाबाहेर धाडलं आणि वाटाड्यांनाही त्याच गाडीत कोंबलं. जनरलला वाईट वाटलं म्हणे. त्याने वर पत्रंही लिहिली. उपयोग झाला नाही.

काल फोनवर तू खुशीत म्हणालास, "डॅडी, दे पिक्ड मी फॉर माय अ‍ॅरबिक." इथल्या जिदहफ्स गावच्या पोरांबरोबर फुटबॉल खेळता खेळता शिकलास ते अरबी. मी "व्हेरी गुड, सन" म्हटलं.

माझं तुला सांगितलं नाही. आपल्या लोकांना "तुझा व्हिसा खलास, आता गावी परत जा" हे त्यांच्या भाषेत समजवायला आमच्या कंपनीचा मॅनेजर नेहमी मलाच केबिनमध्ये बोलावतो. माणूस रडला, तर त्याला पाणी देणं हेही माझंच काम. सोमवारी बोलावलं, तेव्हा मी सवयीने पाण्याचा ग्लास घेऊन आत गेलो.

आत मॅनेजरशिवाय कोणीच नव्हतं.

तुझा,
डॅडी