तीन आठवड्यांची बॅटरी

आई,

तुझा डोळा लागलाय, म्हणून उठवत नाही. मी मोबाइलच्या दुकानात चाललेय. सहापर्यंत माझा फोन लागणार नाही. रागावून बंद केलाय असं समजू नकोस. तीन आठवड्यांपूर्वीच बदललेली बॅटरी चाळीस टक्के दाखवता दाखवता मान टाकते. दुकानदार म्हणतो, "ताई, तुम्ही फोन फार वापरता." आज त्याच्यासमोर ठाण मांडून दुसरी बसवून घेते.

सकाळी तू रिपोर्ट हातात धरून लॅबच्या पायरीवर तासभर मला फोन लावत बसलीस. घरी येऊन म्हणालीस, "तुझी बॅटरी बरी माझ्याच फोनला संपते!" मी उलट तुझ्यावरच ओरडले, बॅटरीची पावती नाचवून दाखवली.

रिपोर्टचं पाकीट तुझ्या उशीखाली आहे. एकटी उघडू नकोस.

छोटी

चपला घातल्या होत्या, काढून परत आत आलेय. सकाळचे तुझे बाकीचे फोन बॅटरीमुळे लागले नाहीत, हे खरं. पहिला लागला होता. कालच्या भांडणाचा राग डोक्यात होता, मी तुझा फोन कापला. दोन मिनिटांनी तुला लावायला घेतला, तर फोन मेलेला. हे तुला पटणार नाही, तरी लिहून ठेवतेय.