पंचवीस पावलांवरचा नंबर

कोलंबो, २७ एप्रिल १९३६

ती. अक्कास एडविनचा शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. नव्या वर्षाला तू इतका नारळाच्या दुधातला किरीबत भात खाऊ घातलास की युनिफॉर्मचं वरचं बटण अजून लागत नाही. वाहतूक शाखेत माझं काम खुर्चीवरचंच, त्यामुळे ते लागायची आशाही नाही. बसगाड्यांची लायसनं, ड्रायव्हरांच्या परीक्षा आणि दिवसभर सह्या.

एक गंमत सांगतो. पोलीस अधिकाऱ्यांची निबंध-स्पर्धा आहे आणि यंदाचा विषय आमच्याच शाखेचा, वाहनांचे परवाने. साहेब म्हणाले की अबेविक्रम, तुझे रिपोर्ट नाहीतरी निबंधासारखेच असतात, तर लिहून टाक. निबंधावर नाव घालायचं नसतं, नुसतं बोधवाक्य. नाव वेगळ्या बंद पाकिटात. मी बोधवाक्य घेतलंय ‘सावध तो सुखी’.

सुरुवात कशी करावी ते सुचत नव्हतं, तेवढ्यात दाजींनी जेवताना सांगितलेला किस्सा आठवला. तुमच्या ठाण्यात नजरेची परीक्षा म्हणजे पंचवीस पावलांवरून इन्स्पेक्टर साहेबांच्या करड्या गाडीचा नंबर वाचायचा. गाडी कायम तीच, म्हणून सगळ्या ड्रायव्हरांना तो पंचशीलासारखा पाठ. एकदा ती गाडी गॅरेजला गेली होती आणि जागेवर डॉक्टरांची गाडी उभी होती. एका पठ्ठ्यानं तिच्याकडं बघत साहेबांच्याच गाडीचा नंबर म्हणून दाखवला, आणि सार्जंटनं सवयीनं सही ठोकली. हाच किस्सा घालतो, गावाचं नाव न घेता. वर सुचवतो की दर परीक्षेला गाडी नवी हवी.

दाजींना नमस्कार, कुसुमाला गोड पापा. लोभ असावा.

तुझा,
एडविन

---

दिवुलवेल, ४ मे १९३६

चि. एडविन यास अक्काचे अनेक आशीर्वाद. त्रिरत्नांची सावली तुझ्यावर असो.

तुझं बोधवाक्य वाचून मी अंगणात एकटीच हसत सुटले. शेजाऱ्यांच्या जांबाच्या झाडावरून दर वर्षी न चुकता पडणारा तू, आणि म्हणे सावध.

पण मल्ली, माझ्या धाकट्या भावा, तो किस्सा निबंधात घालू नकोस. जेवणावरची गोष्ट जेवणावरच राहिलेली बरी. हे चार माणसं हसावीत म्हणून काहीबाही जुळवून सांगतात. इकडच्या ड्रायव्हरांची पोटं त्या लायसनांवर आहेत, आणि उद्या कुणाला कळलं की गोष्ट कारोलिस ड्रायव्हरच्या घरातून निघाली, तर यांना नाक्यावर कुणी चहा पाजणार नाही. माझं एवढं ऐक.

बाकी ठीक. कुसुमा गणितात पहिली आली. मी हल्ली रोज यांच्याच बसनं हकमनला जाते, तिकडं वांगी स्वस्त मिळतात. पुढं यांच्या शेजारी बसते आणि माझी बडबड चालू असते. गाडीचे मालक, आमचे मुदलाली, सगळ्यांदेखत म्हणाले की या बाईला भांडायला घर पुरत नाही, म्हणून तिकीट काढून येते. अख्खी बस हसली. हसू देत.

पत्राचं उत्तर लगेच टाक, माझा जीव टांगणीला आहे.

तुझी,
अक्का

---

कोलंबो, ९ मे १९३६

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आधीच निबंध रवाना झाला. आता तो परत मागता येत नाही, कारण तो माझा आहे हेच कुणाला ठाऊक असायला नको.

मी तुझं पत्र पुन्हापुन्हा वाचलं. घरामागं स्वतःचा वांग्यांचा वाफा असलेली बाई रोज हकमनला वांगी आणायला जाते, हे माझ्या गळी उतरत नाही. नव्या वर्षाला दाजींनी दिवा लावताना काडी वातीच्या बाजूलाच धरली होती आणि तू हसत त्यांच्या हातातून ती घेतलीस. तेव्हा मीही हसलो होतो.

अक्का, पोलीस म्हणून विचारत नाही. दाजींच्या डोळ्यांना काय झालंय?

तुझा,
एडविन

---

दिवुलवेल, १४ मे १९३६

चि. एडविन यास आशीर्वाद.

विचारलंस तर सांगते. डॉक्टरांच्या गाडीसमोर उभा राहून साहेबांचा नंबर म्हणणारा तो पठ्ठ्या म्हणजे हेच.

गॉलच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यामागची नस सुकत चालली आहे, चष्म्यानं काही होणार नाही. रस्ता यांच्या हाताला पाठ आहे, वळणं चुकत नाहीत. पण रस्त्यात आयत्या वेळी काय येईल ते पाठ कसं करणार? म्हणून मी शेजारी बसते. बैलगाडी आली की मी बैलगाडीवाल्याला शिव्या देते, सायकल आली की सायकलवाल्याच्या आईचा उद्धार करते. लोकांना वाटतं बाई तोंडाळ आहे. यांना कळतं की कुठल्या बाजूला काय आहे. आम्ही दोघं यावर कधी एक शब्द बोललेलो नाही.

तू म्हणशील गाडी सोडायला सांग. लग्न झालं तेव्हापासून मी या माणसाला चाकामागंच पाहिलंय, एडविन. ओट्यावर बसलेला कारोलिस कसा दिसेल ते मला डोळ्यांपुढं आणवत नाही. तुझा निबंध कुणाच्या नजरेत न येवो, असा मी बोधीवृक्षाला नवस केलाय. भावाचं वाईट चिंतायची वेळ आली माझ्यावर.

अक्का

---

कोलंबो, २१ ऑगस्ट १९३६

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझा नवस फळला नाही. मला पहिलं बक्षीस मिळालं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझा हात दाबला आणि तिथंच हुकूम काढला की दक्षिणेकडच्या सगळ्या बस-ड्रायव्हरांची नजर पुन्हा तपासायची, दर गावी वेगळ्या गाडीवर. पहिलं गाव दिवुलवेल. तारीख पाच सप्टेंबर. परीक्षा घ्यायला येणारा इन्स्पेक्टर जाफन्याचा आहे, सरळ माणूस आहे, शब्द टाकून उपयोग नाही. टाकायची मला लाजही वाटते.

तीन रात्री झोप नाही. दाजींच्या मिठाला जागायचं की त्या बसमधल्या माणसांना, हे कुठल्याही निबंधात लिहिलेलं नाही. कुठली गाडी कुठं पाठवायची ते मात्र माझ्या टेबलावर ठरतं. तुमच्याकडं हिरवी मॉरिस येईल. नंबर झेड २८१६.

हे वाचलंस की चुलीत टाक. कळलं तर माझी नोकरी जाईल, आणि ते न्यायाचंच होईल. पुढं काय करायचं ते तू ठरव. माझ्यात ठरवायचं बळ नाही.

तुझा,
एडविन

---

दिवुलवेल, ७ सप्टेंबर १९३६

चि. एडविन यास अक्काचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि चुलीत टाकलं. नंबर तेवढा पाठ झाला. तो यांना सांगायचा असं मी ठरवलंही होतं.

मग मला ताप आला आणि मी एक दिवस घरी राहिले. कुसुमा शाळेतून येत होती. बापाची बस दिसली म्हणून रस्त्याच्या कडेला थांबून तिनं हात हलवला. बस सरळ तिच्या अंगावर आली. गटारात उडी मारली म्हणून वाचली, कोपर सोलून निघालं. संध्याकाळी हे घरी आले आणि तावातावानं मला सांगायला लागले की आज कुणाची तरी पोर आडवी आली, असले कसले आईबाप जे मुलांना रस्त्यावर सोडतात. कुसुमा शेजारीच बसली होती, कोपराला हळद लावून. तिनं मान वर केली नाही.

परीक्षेला मी यांच्याबरोबर गेले. वाटेत यांनी सहज विचारावं तसं विचारलं की एडविनचं काही पत्र? मी म्हटलं की नाही.

यांची पाळी आली. इन्स्पेक्टर म्हणाला की वाचा. हे माझ्या बाजूला वळले, बसमध्ये वळतात तसे, आणि थांबले. नंबर माझ्या जिभेवर होता, एडविन. एक शिवी हासडल्यासारखं करून मी तो सांगू शकले असते, आणि यांनी तो बरोबर उचलला असता. मी ओठ मिटून उभी राहिले. इन्स्पेक्टरनं पुन्हा विचारलं. हे म्हणाले की हिरवं काहीतरी आहे साहेब, एवढंच दिसतं. मग स्वतःच खिशातून लायसन काढून त्याच्या हातात दिलं.

दोन दिवस हे ओट्यावर बसून आहेत. कुसुमाला जवळ बोलावून तिचा चेहरा हातानं चाचपून पाहिला, आणि कोपराशी हात आला तेव्हा तो बराच वेळ तिथून उचलला नाही.

ज्यानं हा हुकूम सुचवला त्याला हे सकाळपासून शिव्या घालताहेत. तो तू, हे यांना ठाऊक नाही. रजा काढून ये. समोर बसून त्या शिव्या मुकाट्यानं ऐक, भावा. निम्म्या माझ्या वाट्याच्या आहेत, म्हणून मीही तुझ्या शेजारी बसेन.

लोभ आटू देऊ नकोस, आता आम्हाला तो जास्त लागेल.

तुझी,
अक्का