बारा जोड्या हात

मंगळवार, ४ मार्च

आली नवी ब्याद! दुर्बिणीच्या ऑपरेशनची परीक्षा यंदा नावं झाकून. मुलं रबरी कातडीच्या पेटीत लांब दांड्याचे चिमटे घालून टाके घालणार, आतला कॅमेरा टिपणार, आणि मी घरी बसून नुसती चिमट्यांची टोकं बघून गुण देणार. चेहरा नाही, आवाज नाही. पंचवीसपैकी पंधरा मिळाले की खऱ्या पेशंटपाशी. नाहीतर पुन्हा पेटी.

कॉलेजच्या परीक्षा विभागात आकडेमोड करणाऱ्या पोरीची ही कल्पना. "मॅडम, पक्षपात नको ना!" मला सांगते! माझा काटा कधी इकडचा तिकडे झालाय?

बुधवार, ५ मार्च

धाकट्या बहिणीचा फोन. तिचा मुलगा याच तुकडीत. "ताई, जरा बघ हं." काय बघू? नावंच नाहीत! "मग मावशी असून उपयोग काय?" — आपटला फोन. भाचा मात्र शहाणा. मी जिन्यात दिसले की उलटा फिरतो.

खरी काळजी गोगलगायीची. आमची सगळ्यात संथ विद्यार्थिनी. तोंडावर मी तिला असं म्हणत नाही, पण तिला ठाऊक असावं. माझ्याच हातून दोनदा नापास झालीय. या खेपेला गेली तर सर्जरी कायमची सुटली. परवा हात धुताना म्हणाली, "मॅडम, मी सावकाश करते, पण चुकत नाही." मी म्हटलं, "हो, पण तोवर पेशंट जागा होईल!" सगळे हसले. तीही हसली.

शुक्रवार, ७ मार्च

बसले एकदाची. पहिले दोन धांदरट. दुसऱ्यानं तर टाका ओढून रबरच फाडलं — खरं आतडं असतं तर!

तीन नंबर — वा! आधी चिमटा स्थिर, मग एकदाच ओढ. शेरा लिहिला: 'संयमी, विचारी हात.' एकवीस. हा भाचाच, दुसरा कोण! रक्तात असावं लागतं. (गुण मी ओळखण्याआधी दिले. बहुतेक.)

शनिवार, ८ मार्च

उरलेले संपवले. पाठ मोडली, त्यात धाकटीचा पुन्हा फोन.

नऊ नंबर बघताना जांभयांवर जांभया. प्रत्येक गाठीपाशी नुसती घुटमळ. ओळखलंच — गोगलगाय! शेरा: 'संथ. निर्णय घेता येत नाही.' तेरा. जीव तुटला, पण काटा तो काटा. जेवण गेलं नाही. पोरीला सांगायचं कसं?

सोमवार, १० मार्च

आकडेवाली दार लोटून समोर बसली. "चिडू नका हं मॅडम. परीक्षकालाही तपासावं लागतं. म्हणून एक व्हिडिओ मी मुद्दाम दोनदा घातला होता. तीन आणि नऊ."

मुलं अकरा, व्हिडिओ बारा — आणि मला मोजताही आलं नाही!

"कुणाचा?" मी विचारलं. गोगलगायीचा. भाचा पाच नंबर होता, काठावर पास.

"दोन्हींची सरासरी सतरा. म्हणजे मुलगी पास," ती म्हणाली. इतकं हायसं वाटलं! मग लाज वाटली. मग विचारलं, "तिच्या आधीच्या दोन परीक्षांचे व्हिडिओ असतील ना गं?"

"छे! तेव्हा तुम्ही समोर बसूनच गुण देत होतात."