भाकरीने सुधारलेला हात

उंद्री, ता. चिखली
५ डिसेंबर १९६१

तीर्थस्वरूप सौ. भिमाआक्का हिला धाकट्या भाऊरावाचा सप्रेम जयभीम. (शिरसाष्टांग लिहायला पेन टेकवला होता, पण पाच वर्षं झाली आपण ते सोडलं, हे ऐन वेळी आठवलं. हाताची सवय, दुसरं काय!) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? मेहकरला थंडी पडली असेलच. नातवंडांना उन्हात बसव आणि तूही बस. इकडे मी मजेत आहे. हे वाक्य पत्रात लिहावंच लागतं, म्हणून लिहिलं.

आता संकट सांगतो. पलटणीचा कागद आला आहे. पुढच्या महिन्यात कामठीला डॉक्टरांच्या बोर्डापुढे हजर व्हायचं. काश्मीरच्या लढाईत माझ्या उजव्या तळहातातून तोफगोळ्याचा तुकडा गेला तेव्हापासून सरकार मला त्या हाताचं पेन्शन देतं, आणि तो हात अजून पुरेसा निकामी आहे ना, हे दर काही वर्षांनी बोलावून बघतं. आजवर मला त्याची धास्ती नव्हती. डॉक्टर म्हणायचे मूठ वळ, मी मनापासून वळायला जायचो, बोटं जागची हलायची नाहीत, ते लिहून घ्यायचे आणि मी चहा पिऊन गाडीत बसायचो. पण आक्का, या खेपेला घात झाला आहे. हात सुधारला!

दोष माझा नाही, भाकरीचा आहे. तुझी भावजय होती तोवर तिने या हाताला तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. (शेजारणी म्हणायच्या, "कौशल्येनं नवरा नाई, पाव्हना ठेवला घरात.") गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला ती गेली आणि पीठ मळणं माझ्याकडे आलं. ज्वारीचं पीठ, कढत पाणी, आणि मळ म्हणजे मळ, नाहीतर भाकरी तव्यावर फाटते. पहिल्या भाकरी पाहून शेजारच्या तानुबाई म्हणाल्या, "भाऊराव, हे भाकर होय का खापर?" मी म्हटलं, "खाल्ली तं भाकर, नाई तं खापर." त्या हसल्या आणि आपल्या घरी गेल्या. सकाळ-संध्याकाळ मळता मळता बोटांचा गंज कधी उतरला, मला कळलंच नाही. कळलं ते तानुबाईंच्या बकरीमुळे. मागल्या बाजाराच्या दिवशी ती माझ्या परातीत तोंड घालून उभी होती. मी रागाने तिचा कान धरला, तो नेमका उजव्या हाताने, आणि असा घट्ट की बकरी ओरडली आणि मीही ओरडलो. बकरी दुखलं म्हणून, मी पेन्शन गेलं म्हणून.

पुंजाजीला बोलावलं. (माझा शाळेतला सोबती. सल्ला देण्यात त्याने कधी कंजुषी केली नाही.) तो म्हणाला, "काऊन घाबरून राह्यला बे? हात गयात बांधून टाक. वापरला नाई का आपसूक आखडते." मला ते पटलं. जुन्या धोतराची पट्टी फाडून हात गळ्यात टांगला आणि घरची सगळी कामं डाव्यावर सोपवली. कौशल्येने डाव्यालाही कधी कामाला लावलं नव्हतं, तो अगदीच रंगरूट निघाला. पहिल्या दिवशी त्याने भाकरी चुलीत टाकली, दुसऱ्या दिवशी चहात मीठ घातलं, आणि दाढी करताना अर्धी मिशी उतरवली. (उरलेली अर्धी मग मीच उतरवली. आता लोक दोनदा निरखून पाहतात, मगच जयभीम घालतात.)

पण खरी गंमत वेगळीच. गळ्यात हात दिसला की माणसं दारात थांबतात. "काय झालं, भाऊराव?" कौशल्या गेली तेव्हा चार दिवस सगळे आले, मग आपापल्या कामाला लागले. त्यांचंही बरोबरच आहे, शेतं कोणासाठी थांबत नाहीत. पण वर्षभर या ओट्यावर कोणी टेकलं नव्हतं. आता तानुबाई वाटीभर भाजी आणून देतात, पुंजाजी तासभर बसतो, शाळेचे मास्तर वाट वाकडी करून विचारपूस करतात. मी त्यांना काश्मीरची लढाई सांगतो, रोज थोडी वाढवून. (आता शत्रू इतका झाला आहे की मी एकटा वाचलो कसा, हा मास्तरांना प्रश्न पडतो.) एवढं बोलायची सवय राहिली नव्हती, घसा दुखतो. रात्री हात सोडतो आणि सकाळी गल्ली जागी व्हायच्या आत पुन्हा बांधतो. बांधला होता बोर्डासाठी. आता कोणासाठी बांधतो, ते विचारू नकोस.

दाजींना जयभीम, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
भाऊराव

ता. क. : पत्राचं कारण लिहायचं राहिलंच. बोर्ड होईपर्यंत महिनाभर इकडे ये. भाकरी तू केल्यास की हाताला काम राहणार नाही आणि पेन्शन वाचेल. हे निव्वळ सरकारी काम आहे, दाजींनाही तसंच सांग.

आणखी एक : वरचं वाचून पाहिलं, मन खाऊ लागलं. परवाच चिखलीच्या डॉक्टरांना हात दाखवून आलो. ते म्हणाले, मूठ वळली तरी दोन बोटांची शीर मेलेली आहे, ती काही जिवंत होत नाही. त्यांनी सुई टोचली ती मला कळलीसुद्धा नाही. तेव्हा पेन्शनला धोका नाही आणि हातासाठी तुझी गरज नाही. तरी ये, आक्का. आणि आल्या आल्या, थापा मारून बोलावलं म्हणून मला चांगली रागाव. कौशल्या गेल्यापासून माझ्यावर कोणी रागावलेलं नाही.