पपई आणि बाबांचा डोळा

चिमणे,

पपईच्या फोडी करून फ्रिजमध्ये ठेवल्यात. आजच संपव, पिकलेली पपई फार टिकत नाही. पोटाला हलकी असते, शिवाय 'अ' जीवनसत्त्व भरपूर, म्हणजे दिवसभर कॉम्प्युटरकडे बघणाऱ्या तुझ्या डोळ्यांना बरी. मी खाल्ली नाही. उपाशीपोटी बोलावलंय.

माझ्या मोतीबिंदूचं आज ऑपरेशन आहे. आधी सांगितलं असतं तर तू रजा टाकली असतीस आणि पुन्हा साहेबांची बोलणी खाल्ली असतीस. म्हणून गप्प बसलो. रागावू नकोस.

काल नर्सबाईंनी फोनवर विचारलं, "सोबत कोण येणार?"

"मुलगी," मी सांगून टाकलं. खोटंच, पण म्हणताना बरं वाटलं.

आपल्या नेहमीच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून चारला सोडतील. एकट्याला सोडत नाहीत म्हणे. जमलं तर ये.

बाबा